हलक्या गटाचा मॅनेजर

मॅनेजर व्हायला फुलपँट लागते. एवढ्या एकाच पात्रतेवर मी भिंगारच्या आमच्या कबड्डी संघाचा मॅनेजर झालो. त्याआधी मी डाव्या कोपऱ्यात उभा राहून समोरच्याचे पाय धरायचो, आणि माझ्यासारखी पकड अख्ख्या जिल्ह्यात कोणाची नाही, असं मीच लोकांना सांगत असे. माझा गुडघा मात्र मैदानावर गेला नाही. रॉकेलचा डबा घेऊन बाजारातून येताना गटारावरच्या फरशीवरून पाय सरकला आणि कारकीर्द आटोपली. पुढे कोणी विचारलं की मी ‘पकड करताना...’ एवढंच म्हणून थांबे. ऐकणारा उरलेलं आपल्या मनानं भरून घेई आणि हळहळे.

गुडघा गेलेल्या माणसाचं करायचं काय, हा मंडळापुढे प्रश्न पडला. मी लष्कराच्या डेपोत कारकून होतो, त्यामुळे फुलपँट होती आणि तिला इस्त्रीही असे. पंचांशी भांडताना दोन-चार इंग्रजी शब्द टाकता येत. झालो मॅनेजर. काम म्हणजे खेळाडूंचे कपडे राखायचे, लिंबं कापायची, हरलो तर पंचांच्या नावानं बोटं मोडायची आणि जिंकलो तर हार आपल्या गळ्यात घालून घ्यायचा. शेवटचं काम बरीच वर्षं करावं लागलं नव्हतं.

मग बहात्तरचा दुष्काळ आला आणि आमचा संघ एकदम चांगला झाला.

हे ऐकायला विचित्र वाटतं, पण तेव्हा सामने वजनी गटांत होत. ठरलेल्या वजनाच्या वर काटा गेला की गडी बाद. आमचा चढाई करणारा पोरगा पारनेर तालुक्यातल्या एका कोरड्या गावचा, उंच आणि हाडापेरानं मोठा. हलक्या गटात तो कधी बसला नसता. पण त्या साली विहीर आटली, तालमीचा मुक्काम सोडून तो घरी गेला आणि बापाबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडू लागला. खायला परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीची भाकरी आणि सरकारनं वाटलेली सुकडीची भुकटी. पावसाळा कोरडाच सरल्यावर परत आला तेव्हा उंची तीच, ताकद तीच, आणि वजन हलक्या गटाचं. आमच्या वस्तादांना जोर-बैठकांनी जे साधलं नव्हतं ते खडीनं साधलं. अर्थात सगळ्याच संघांचं तसं झालं होतं. जिल्ह्यातले झाडून सगळे भारी गडी हलक्या गटात उतरले होते आणि भारी गटाच्या ढालीसाठी खेळायला माणसं मिळेनात.

कर्जतकडच्या एका गावात स्पर्धेचा अंतिम सामना होता, त्या गावच्याच संघाशी. बक्षीस ढाल, पण त्या पोराला ढालीशी कर्तव्य नव्हतं. उत्तरेकडच्या एका साखर कारखान्याचे साहेब सामना बघायला येणार होते. कारखान्याचा संघ होता आणि त्यांना एक चढाईवाला हवा होता. निवडला गेला तर पगाराची नोकरी, राहायला खोली. नाही निवडला तर परत खडी. तो मला एसटीत म्हणाला, “मॅनेजर, बा आता थकलाय. घन उचलताना हात कापतो त्याचा. ही नोकरी मला घावलीच पायजे.” मी म्हणालो, तू फक्त खेळ, बाकीचं मी बघतो. मॅनेजर लोक असंच बोलतात.

वजन सकाळी व्हायचं होतं. नियम साधा: आधी वजन, मग जेवण. पण गावात काटा एकच, रेशन दुकानातला, आणि नेमकं त्याच दिवशी धान्य आलेलं. दुकानदार म्हणाला, आधी गावाची पोटं मोजतो, मग तुमची. वजन दुपारवर गेलं.

आता त्या भागाची रीत अशी की बाहेरगावचा संघ आला की एकेक खेळाडू एकेका घरी जेवायला नेतात. उपाशी पाहुणा मैदानात उतरवला तर गावाचं नाक जातं. चढाईवाला आणि मी ज्या घरी गेलो तिथल्या बाईंनी कुठून कोण जाणे, गहू जपून ठेवले होते. ताटात गुळाचा शिरा. चुलीपाशी त्यांची स्वतःची भाकरी मिलोची, ती मला दिसत होती आणि पोरालाही दिसत होती. त्यानं माझ्याकडे पाहिलं. अशा ताटाला नाही म्हणणं माझ्या तोंडात येईना. “खा,” मी म्हणालो. बाईंनी आणखी वाढला. “खा लेकरा, पळायचं हाय तुला,” म्हणाल्या आणि समोर बसून राहिल्या. वरून तांब्याभर पाणी.

मी साशंक झालो आणि दुकानदाराला गाठून पोराला गुपचूप काट्यावर उभं केलं. दांडी वर. फार नाही, थोडी, पण वर ती वर. सबंध दुष्काळानं उतरवलेलं वजन एका माऊलीच्या मायेनं चढवलं होतं.

मग मी मॅनेजर म्हणून कामाला लागलो. त्याला उन्हात पळवलं. तोंडात चिंच धरायला दिली आणि सुटेल ती लाळ थुंकायला लावली. तरी दांडी हटेना. त्याच्या डोक्यावर मात्र केसांचं रान होतं आणि ओठांवर झुबकेदार मिशी. मी म्हणालो, “हे सगळं काढू.” तो हादरला. चिंच गालात सारून म्हणाला, “मॅनेजर, बा जित्ता हाय माझा.” डोकं आणि मिशी दोन्ही उतरवायची ती बाप गेल्यावर, हे मला काय ठाऊक नव्हतं? पण मी स्वतःला सुधारक समजत असे, आणि घाईत असलेल्या सुधारकाला आवर घालणं कठीण. मी म्हणालो, “केस तुझे आहेत. त्यात बापाचा काय संबंध?”

न्हावी पारावर बसला होता. मी म्हणालो, डोकं उतरवा, मिशीही घ्या, आणि लवकर, वेळ नाही. न्हाव्यानं पोराकडे बघितलं. चिंचेनं त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि लाळ सुटल्यामुळे तोंड उघडता येत नव्हतं. न्हाव्यानं हळूच विचारलं, “कवा?” मला वाटलं सामन्याची वेळ विचारतोय. “आत्ताच,” मी म्हणालो. त्यानं मान हलवली, वस्तरा काढला आणि शेवटी पैसे घ्यायला ठाम नकार दिला. गावात खेळाडूंना केवढा मान आहे, असं वाटून मी भारावून गेलो.

केस आणि मिशी गेल्यावर आणि आणखी थोडं पळून आल्यावर दांडी कशीबशी आडवी झाली. पंचांनी सही केली.

मैदानावर येऊन बघतो तर गाव गप्प. आमच्या पोराला वाट करून देताना माणसं डोक्यावरची टोपी काढत होती. तेवढ्यात लाऊडस्पीकरवाला गहिवरून बोलला: आजच वडिलांचं छत्र हरपलेलं असतानाही हा खेळाडू शब्दाला जागून मैदानात उतरत आहे. सगळे उभे राहिले. आमचा संघही उभा राहिला, सगळे उभे राहतात म्हणून. खुर्चीवरचे कारखान्याचे साहेब रुमालानं डोळे टिपत होते. मला जे काय बोलायचं होतं ते त्या शांततेत बोलणं शक्य नव्हतं, आणि शांतता संपताच शिट्टी झाली.

खरी गंमत पुढे झाली. कबड्डी म्हणजे शिवाशिवीचा खेळ, आणि सुतकातल्या माणसाला शिवणार कोण? शिवलं तर आंघोळ आली, आणि त्या वर्षी आंघोळीला पाणी कुठलं? गावात टँकर येई तो प्यायला. आमचा पोरगा चढाईला गेला की समोरचे पकडवाले पुढे येत, हात लांब करत आणि ऐन वेळी बिचकत. तेवढ्या क्षणात तो गडी मारून परत. एकदा तर त्यांचा कोपऱ्यातला गडी त्याचा घोटा हातात आलेला असताना सोडून मागे सरला. आयुष्यभर घोटे धरलेला मी, ते बघून माझा जीव तुटला. त्यांच्या मॅनेजरनं पंचांकडे तक्रार केली की सुतकात खेळणं बसतं का. पंचांनी नियम चाळले. नियमांत वजन होतं, नखं होती, अंगाला तेल लावू नये असं होतं. सुतक नव्हतं.

मध्यंतरात पोरगा माझ्याजवळ आला. त्याला तोवर सगळं उमगलं होतं. “मॅनेजर, ह्यांनी माझा बा मारला.”

“लिंबू खा,” मी म्हणालो. “दुसरा डाव होऊ दे.”

दुसऱ्या डावात तो चिडून खेळला आणि आम्ही ढाल घेतली. एवढं मात्र सांगतो, त्या डावात समोरचे बिचकले नसते तरी तो त्यांना आवरला नसता. माझ्या गळ्यात हार पडला. साहेब आले, त्यांनी पोराच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “घरात कर्ता तूच आता. पुढल्या आठवड्यात कारखान्यावर ये. खोली देतो.” पोरानं माझ्याकडे पाहिलं. तो खरं बोलायला तोंड उघडणार हे मला दिसलं. मी त्याचा हात दाबला. चढाई करणाऱ्यानं दम धरून बोलत राहायचं असतं आणि मॅनेजरनं दम धरून गप्प बसायचं असतं. ती विद्या मला त्या क्षणी आली.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याबरोबर त्याच्या गावी गेलो, त्याचा बाप मला काय करील ते करो म्हणून. बातमी एसटीनं आमच्या आधी पोचली होती. अंगणात भेटायला आलेली माणसं बसली होती आणि त्यांच्यामध्ये मयत स्वतः तंबाखू मळत बसला होता. लेकाचं बोडकं डोकं बघून बायकांत कुजबूज झाली. म्हातारा उठला. मी एक पाऊल मागे घेतलं. त्यानं लेकाच्या डोक्यावरून हात फिरवला, मिशीच्या जागी बोट फिरवलं आणि मला विचारलं, “नोकरी पक्की का?”

“पक्की.”

“मंग सायबाला काय सांगू नगा.” तो परत खाली बसला. “जित्तेपनी पोराला काय देता आलं न्हाई. मरून दिलं म्हना.” माणसं हसली, तोही हसला. मला हसू आलं नाही. माझ्या चार केसांच्या हुशारीसाठी हा माणूस आपलं मरण काढून देत होता, आणि तेही तंबाखू मळता मळता.

म्हातारा शब्दाला पक्का निघाला. पोरगा कारखान्यावर नावारूपाला आला. मी भिंगारलाच राहिलो, पण संघ घेऊन मी कारखान्याच्या मैदानावर जात असे आणि आपल्याच तयार केलेल्या गड्याकडून नियमानं हरून येत असे. जाण्याआधी म्हाताऱ्याकडे डोकावलो की तो लेकासाठी माझ्याकडे हुलग्याचं पीठ नाहीतर शेंगा देई. मी म्हणे, चला की बरोबर, सामना बघा. पूर्वी त्याला कबड्डी म्हणजे रिकामटेकड्यांचा धंदा वाटे, पण आता त्याच्या डोळ्यांत हौस दिसायची. “यावंसं लई वाटतं,” तो म्हणे. “पन वळखीचं कोन भेटलं आन् सायबाच्या कानावर गेलं म्हंजी? ऱ्हाऊ द्या. खेळतो कसा ते तुमी येऊन सांगा.” मी येऊन सांगायचो. चढाई कशी केली, पाय कसा सोडवला, लोक कसे ओरडले. आमच्या पराभवाचं इतकं रसाळ वर्णन मी मंडळापुढे कधी केलं नाही. म्हातारा ऐकता ऐकता मधेच पाय आखडून घ्यायचा, जणू त्यालाच कोणी धरलंय.

दुष्काळ सरल्यावर एका थंडीत म्हातारा खरोखर गेला. मी पोचलो तेव्हा पोरगा न्हाव्यासमोर बसला होता आणि न्हावी वस्तरा हातात धरून थांबला होता. डोकं उतरवून कारखान्यावर गेला तर कोण गेलं म्हणून विचारणार, आणि त्याचा बाप तर कारखान्याच्या लेखी केव्हाच गेलेला. त्यानं मला विचारलं, “काय करू मॅनेजर?” त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ह्या खेपेला तोंडात चिंच नव्हती.

“काढ,” मी म्हणालो. “आणि साहेबांना खरं काय ते सांग. मी येतो बरोबर.”

दहावा-तेरावा झाल्यावर आम्ही साहेबांसमोर उभे राहिलो. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं, शिऱ्यापासून. साहेबांनी ऐकून घेतलं आणि मग त्यांना थोडं हसूच आलं. “अहो, बाप जिवंत आहे हे मला त्याच महिन्यात कळलं होतं. इथं उसाच्या वजनकाट्यावर तुमच्या पारनेरकडची माणसं आहेत की. मला चढाईवाला हवा होता. त्याच्या बापाशी मला काय करायचंय?”

नोकरी राहिली. आम्ही बाहेर आलो. मैदानावर कारखान्याची पोरं सराव करत होती. त्यांच्याकडे बघत तो डोक्यावरून हात फिरवत म्हणाला, “मंग बाला येकदा तरी खेळ दावला असता की, मॅनेजर.”