मामा असेपर्यंतचं दुकान

मालकी म्हणजे काय, असं कोणी विचारलं की मी वैतागतो. पूर्ण मालकी असते, सामाईक असते, भाडेपट्टा असतो, स्वतःच्या हयातीपुरता हक्क असतो. पण चाळीस वर्षांच्या वकिलीत दुसऱ्याच्या श्वासावर दुकान चालवणारा माणूस मी एकच पाहिला. तो आमच्या गल्लीतला फ्रेमवाला.

दुकान मुळात एका बाईंचं. फ्रेमवाला त्यांच्याकडे वीस वर्षं कामाला आणि मागच्या खोलीत बायको व दोन मुलींसह राहायला. बाईंनी मृत्युपत्र माझ्याकडून लिहून घेतलं: माझा भाऊ जिवंत आहे तोवर दुकान फ्रेमवाल्याचं, भाऊ गेला की माझ्या मुलाचं. मी म्हटलं, द्यायचं तर सरळ द्या, हा द्राविडी प्राणायाम कशाला?

"माझ्या भावाला मायेने कोणी बघणार नाही," बाई म्हणाल्या. "त्याची तेवढी लायकीही नाही. दुकानासाठी तरी बघतील."

भाऊ म्हणजे मामा. बाईंचा मुलगा मामा म्हणायचा, म्हणून सगळी गल्ली मामा म्हणायची. वय एकाहत्तर. लग्न केलं नाही, नोकरी टिकली नाही, जीभ मात्र शाबूत.

बाई गेल्या आणि दुसऱ्या दिवशी फ्रेमवाल्याने मामांचा ताबा घेतला. सकाळी पायी फिरवून आणायचं, दुपारी दुकानात डोळ्यांसमोर बसवायचं, जेवायला उकडलेली भाजी. फ्रेमला येणारे फोटो बहुतेक गेलेल्यांचे. हा काच कापता कापता गिऱ्हाइकाला विचारायचा, कशाने गेले? मधुमेहाने म्हटलं की मामांची साखर बंद. कोणी जिन्यावरून पडून गेलं होतं, तर याने मामांना वरच्या मजल्यावरून उचलून तळमजल्यावर खोली बघून दिली. एका बाईने "झोपेतच गेले" असं सांगितलं, त्या दिवसापासून बिचाऱ्या मामांना दुपारची डुलकीसुद्धा मिळेना.

तिकडे भाच्याला अचानक मामांचा पुळका आला. दर रविवारी तळलेल्या पदार्थांचा भला मोठा डबा, सिगारेटची पाकिटं, आणि पंचाहत्तरीला तर चक्क मोटरसायकल. मामांनी कशालाच नाही म्हटलं नाही. दुपारी उकडलेलं, रात्री तळलेलं, आणि जरा मोठ्याने खोकलं की फ्रेमवाल्याकडून नवा स्वेटर. त्यांचं आयुष्य इतकं छान कधी गेलंच नव्हतं.

एकदा फ्रेमवाला धापा टाकत माझ्याकडे आला. मामा मोटरसायकलवर हात सोडून बसतात, हे माझ्या मालमत्तेचं नुकसान धरून मनाई हुकूम मिळेल का, असं विचारू लागला. मी त्याला हाकललं. तासाभराने भाचा आला. प्रेमाने लोणी पाठवणं गुन्ह्यात बसतं का, ही त्याची शंका. त्यालाही हाकललं. दोघांना डोकं नव्हतं असं नाही, पण ते सगळं मामांच्या पोटात अडकलं होतं.

अशी नऊ वर्षं गेली. मामा ऐंशीचे झाले, ठणठणीत. भाचा थकला. त्याला परदेशी नोकरी लागली तेव्हा आपला नंतरचा हक्क फ्रेमवाल्याला विकून तो मोकळा झाला. आताचा हक्क आणि नंतरचा हक्क एकाच हातात आले, म्हणजे झाली पूर्ण मालकी. मामा जगोत की मरोत, दुकान तुझंच, असं मी फ्रेमवाल्याला सांगितलं. तो खुर्चीतच बसून रडला. मलाही बरं वाटलं.

आठवड्याने स्वारी परत हजर. तोंड पडलेलं. म्हणाला, मामा दुकानात येत नाहीत. डबा घेऊन खोलीवर गेलो, तर मोटरसायकल विकून टाकलेली, आणि मामा भिंतीला धरून चालत स्वतःच भाजी उकडत होते, बिनमिठाची. डबा घेतला नाही. म्हणाले, "इतकी वर्षं माझ्या मरणाची काळजी तू करत होतास, म्हणून मला करावी लागली नाही. आता माझी मलाच करायला हवी. तुला काय गरज?"

गरज आहे असं त्याने परोपरीने सांगून पाहिलं. मामांचा विश्वास बसेना.

"मग मी काय करू?" मी विचारलं.

त्याला मालकी मोडून हवी होती. पुन्हा पहिल्यासारखं लिहा म्हणाला, मामा आहेत तोवर माझं, नंतर बायकोचं. दुकान तिच्या हाती गेलं की ती मला त्याच दिवशी बाहेर काढील, हे मामांना पक्कं ठाऊक आहे.

माझं डोकं फिरलं. लोक हातभर जमिनीच्या पूर्ण मालकीसाठी भावाचा गळा धरतात, आणि हा शहाणा मिळालेली मालकी कापून मागतोय. मी त्याला नाही नाही ते बोललो.

तो म्हणाला, "ते गेले तर माझं काहीतरी गेलं पाहिजे ना, वकीलसाहेब. नुसतं वाईट वाटेल म्हटलं, तर त्यांना खरं वाटत नाही."

मी कागद केला. साक्षीदार म्हणून त्याने मामांनाच आणलं. मामांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं, हे पुन्हा फिरवता येतं का, असं विचारलं. बायको राजी असल्याशिवाय नाही, मी म्हटलं. त्यांनी सही केली आणि फ्रेमवाल्याचा हात धरला.

"आठ दिवस छातीत दुखतंय रे," ते म्हणाले. "सांगणार कुणाला?"

आठ दिवस बोलला का नाहीत म्हणून फ्रेमवाला त्यांच्यावर रागावला, आणि रागावतच त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेला.