न दिलेली ओ

चिमणाबाई दिंडोरीच्या द्राक्षबागांत पस्तीस वर्षं राबली. पेठच्या पलीकडच्या एका पाड्यावरून ती आधी हंगामापुरती यायची, मग नवऱ्यासोबत इथेच राहिली. नवरा लवकर गेला. मागे एक मुलगी, तृप्ती. घड विरळताना बायकांचे हात चालत, पण कान रिकामे असत. मग कुणीतरी म्हणायचंच, "चिमणामावशी, सांग ना ती डोहातली."

ती गोष्ट तिच्या सख्ख्या बहिणीची होती. यशोदा सतरा वर्षांची, चिमणा सात. एका सकाळी यशोदा दमणगंगेवर धुणं घेऊन गेली, ती परतलीच नाही. डोहाच्या काठाला तिचं लुगडं तेवढं सापडलं. बाप म्हणाला, डोहातल्या बाईने नेलं तिला, आता ती त्यांच्यातलीच झाली. कधीतरी येईल, नाव घेऊन हाक मारील, पण ओ द्यायची नाही. ओ दिली की गेलंच माणूस.

आणि दोन वर्षांनी ती खरंच आली. भरदुपारी नागलीच्या शेताच्या बांधावरून हाक आली, "चिमणे, ए चिमणे!" बापाने चिमणाला घरात ढकलून दार लावलं. तिने दोन्ही कानांत बोटं घातली, तरी हाक ऐकू येत राहिली. गोष्टीत इथवर आलं की बायकांचे हात थांबायचे.

वेलींच्या सावलीत गोणपाटावर लोळत तृप्तीने ही गोष्ट शंभरदा ऐकली होती. मोठी झाल्यावर ती नाशकात द्वारका चौकातल्या एका फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करायला लागली आणि फावल्या वेळात गोष्टीची चित्रं काढत गेली. त्यांची ग्राफिक नॉव्हेलची मालिकाच झाली. डोहाच्या तळाशी बुडालेल्यांचं गाव, खवल्यांच्या अंगाची माणसं, आणि बहिणीला सोडवायला पाण्यात उतरणारी एक मुलगी. दोन भाग निघाले, कॉलेजची पोरं ते वाचून घाबरू लागली. चिमणाबाईला अक्षर लागत नव्हतं, पण चित्रं ती बोट फिरवत वाचायची.

तिसऱ्या भागाच्या वेळी तृप्तीने विचारलं, "आये, दोन भाग मी तिच्या तोंडावर केस सोडून भागवले. आता तोंड दाखवायचंय. कशी दिसायची गं मावशी?"

चिमणाबाई सांगायला गेली. तिला वेणी आठवत होती. काटा काढताना पायाला लागलेला तिच्या हाताचा गारवा आठवत होता. तोंड आठवत नव्हतं. त्या दिवशी ती जेवली नाही.

पाड्यावर तिचा चुलता सोमा अजून होता, नव्वदीला टेकलेला. त्याला नक्की आठवत असणार, म्हणून मायलेकी दोन्ही पुस्तकं घेऊन गेल्या. सोमाने ओसरीवर बसून एकेक पान डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं. बांधावरून हाक मारणाऱ्या बाईच्या पानावर तो थांबला.

"ही डोहात कधी गेलीच नव्हती, चिमणे," तो म्हणाला.

"म्हंजे?"

"रस्त्याच्या कामावर सहादू म्हणून होता. दुसऱ्या जातीचा. त्याच्यासंगं गेली ती, धरमपूरकडं. तुझ्या बाने लुगडं काठाला नेऊन टाकलं. आम्ही पाह्यलं अन् गप बसलो."

"मग बांधावर कोण आलेलं, काका?"

"तीच. जिती. तुला भेटाया आलेली."

 मग चिमणाबाईने विचारलं, "किती वेळ उभी होती?"

"दिवस कलेपर्यंत."

"बा मेल्यावर तरी सांगायचं होतं मला."

"तू ती गोष्ट अशी रंगवून सांगायचीस, मला वाटलं, तुला समदं ठावं हाय. घराची अब्रू झाकतेस."

चिमणाबाई उठली आणि बांधापर्यंत चालत गेली. तिथे आता आंब्याची कलमं होती. तृप्ती मागून गेली, तर आईने हातानेच तिला थांबवलं.

धरमपूरच्या बाजूला दोन खेपा झाल्या. रस्त्याच्या कामावरचा जुना माणूस सहादू, एवढीच खूण. तिसऱ्या खेपेला घर सापडलं, कौलारू, अंगणात शेवग्याचं झाड. सहादू बाजेवर बसला होता. यशोदा लॉकडाऊनच्या दुसऱ्या वर्षी तापाने गेली होती. फोटो एकच होता, आधार कार्डावरचा. चिमणाबाईने तो उजेडात धरून बराच वेळ पाहिला. पांढऱ्या केसांची, गाल बसलेली एक म्हातारी. बाजारात शेजारी बसली असती, तरी ओळखली नसती.

"माझं नाव काढायची का?" तिने विचारलं.

सहादूला खोटं बोलता आलं असतं. तो म्हणाला, "नाय. कधीच नाय. तिकडचं कोणी बाजारात दिसलं, तर दुकानामागं जाऊन उभी राहायची. ते गेलं की पुढं यायची. मग दिवसभर बोलायची नाय."

येताना जीपमध्ये चिमणाबाई रडली. आवाज न करता, पदर तोंडात धरून.

तृप्तीने तिसरा भाग बंद करून टाकला. महिनाभर कागदाला हात लावला नाही. शेवटी चिमणाबाईनेच विषय काढला, "काढ गं. लोकं वाट बघत असतील."

"काढते. पण बांधावरचं पान नव्याने काढते, आये. पोरगी ओ देते, असं दाखवते."

"नको."

"का?"

"मी दिली नव्हती. खोटं कशाला?"

तिसरा भाग निघाला, त्यात डोहातली बाई नव्हतीच. तिच्या जागी एक तरणी पोरगी उन्हात बांधावर उभी होती, पाठमोरी, आणि दिवस कलत होता. शेवटच्या पानावर यशोदाचं पूर्ण नाव होतं. चिमणाबाईने तृप्तीकडून ते अक्षर न् अक्षर वाचून घेतलं.

आता ऑक्टोबरची छाटणी उरकून काड्यांना फुटव्याची पेस्ट लावून झाली की ती चार दिवस धरमपूरला जाते. यशोदाच्या सुनेला नागली पाखडू लागते आणि सहादूच्या बाजेशेजारी बसते. त्याला विसर पडत चाललाय, म्हणून ती घाईघाईने विचारत राहते.

"चिडायची का ती?"

"लय."

"कशावरनं?"

"भाकरी करपली की." सहादू थोडा थांबतो. "स्वतःच करपवायची, अन् माझ्यावर चिडायची."

चिमणाबाई हसते. मग बाजेजवळ सरकून पुढचं विचारते.