एका घोट्याची तीन मापं

बैलाचा सौदा मी कधी एका नजरेत केला नाही. मालक दात दाखवतो तेव्हा बघायचे, आणि चहा पिऊन आल्यावर पुन्हा आपल्या हातानं जबडा उघडून बघायचे. दोन्ही वेळा जुळलं तरच टॉवेलाखाली हात घालून बोटांनी भाव ठरवायचा. माझा बाप मेंढरं राखायचा. लोकर घेणारा व्यापारी पारड्याला हळूच गुडघा लावायचा, हे मी लहानपणी बघितलंय. तेव्हापासून एका मापावर माझा विश्वास नाही.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मढ गावात एक बैलजोडी टेम्पोतून उतरवताना बैलानं हिसडा दिला, फळी सरकली आणि माझा उजवा पाय बाहेरच्या अंगानं मुडपला. सूज उतरली, पण पाय काही खरा होईना. सपाट जागीही घोटा अचानक लचकायचा. बेल्ह्याच्या बैलबाजारात बाभळीखाली माझी उभं राहायची जागा होती. ती मी पंचवीस वर्षं उभं राहून मिळवली होती. बिथरलेल्या बैलासमोरून ज्याला झटकन बाजूला होता येत नाही, त्याची ती जागा पुढच्या बाजाराला राहत नाही.

हाडांच्या डॉक्टरांनी पाय उलटासुलटा केला आणि म्हणाले, "हाडांना बांधून ठेवणारा पट्टा सैल झालाय. पोटरीच्या बाहेरचा स्नायू दमदार असेल तर व्यायामावर भागवू. बारीक झाला असेल तर ऑपरेशनचा विचार करावा लागेल. सोनोग्राफीत दोन्हीची जाडी मोजून आणा."

बाजारात ही बातमी माझ्या आधी पोचली. बाभळीखालचा जोडीदार म्हणाला, "काय पावणं, सोनोग्राफी? कितवा महिना लागला?"

"तुझ्या सासऱ्याला इचार," मी म्हणालो. हसण्यातली गोष्ट नव्हती. ऑपरेशन म्हणजे तीन महिने खाट, आणि तोवर हाच माझ्या जागेवर उभा राहणार होता.

जुन्नरला सोनोग्राफी करणाऱ्या मॅडम तरुण होत्या. पायाला गार चिकट काहीतरी लावून त्यांनी यंत्राची मूठ फिरवली. "काका, पाय एकदम सैल सोडा." मी "हां" म्हणालो. त्यांनी माप लिहिलं. स्नायू चांगला जाड निघाला. हाडांचे डॉक्टर खूश झाले, व्यायाम सांगतो म्हणाले.

मला मात्र करमेना. इतक्या सहज सौदा पटला की माल खोटा असतो. आठवड्याभरात मंचरला दुसऱ्या यंत्रावर गेलो. पहिला रिपोर्ट पिशवीत ठेवला, दाखवला नाही. तिथं रांग मोठी होती, पंखा छान होता. टेबलावर माझा डोळाच लागला. उठवून कागद हातात दिला, तर त्यात स्नायू तीन मिलिमीटर बारीक.

घरी दोन्ही कागद शेजारी ठेवून बसलो. आठ दिवसांत तीन मिलिमीटर कुठं गेले? मंचरवाल्याचं ऑपरेशनवाल्याशी साटंलोटं असणार, असं आधी वाटलं. मग वाटलं, मॅडमनीच डोळे झाकून लिहिलं असेल. कोण खोटं ते पकडायला एकच रस्ता होता. तोच बैल त्याच गिऱ्हाइकापुढं पुन्हा उभा करायचा.

जुन्नरला परत गेलो. कागद हरवला म्हणून सांगितलं. मॅडमनी या वेळी पायावर पेनानं खूण केली, मूठ तीनदा उचलली, तीनदा ठेवली आणि शेजारी हात ठेवून स्नायू सैल आहे ना, तेही चाचपलं. माप मंचरएवढंच आलं.

मी ताडकन उठून बसलो. पिशवीतले दोन्ही कागद टेबलावर आपटले. "तुमचाच आकडा तुमाला खोटं पाडतोय, मॅडम! कुनाला येडं समजता? ह्या पायावर माझं पोट हाय!"

बाहेरच्या बायका दारातून डोकावल्या. मॅडम चिडल्या नाहीत, याचाच मला जास्त राग आला. त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. "काका, इथे बघा. आता पंजा बाहेर ढकला."

ढकलला. पडद्यावरची स्नायूची करडी पट्टी माझ्या डोळ्यांदेखत फुगली.

"आता सोडा."

पट्टी बसली.

"यंत्राची ही मूठ जोरात दाबली तरी माप बदलतं, पंजा वाकडा असला तरी बदलतं. पहिल्या वेळी तुम्ही पाय ताठ धरला होता बहुतेक. मी सैल सोडा म्हटलं होतं, पण हात लावून खात्री केली नाही. ती माझी चूक."

बाजारात गिऱ्हाईक बैलाच्या अंगाला हात लावायला लागलं, की आपण कासरा वर ओढून धरतो. बैल मान उचलतो, अंग ताठ करतो, हाताला भरीव लागतो. गिऱ्हाईक म्हणतं कासरा सैल सोड, आपण म्हणतो हां सोडला, आणि मुठीत तसाच धरून ठेवतो. पंचवीस वर्षं हेच केलं होतं. तपासायला कुणी हात लावला आणि पायानं आपणहून तेच केलं. मंचरला झोप लागली म्हणून कासरा सुटला.

म्हणजे बारीक माप खरं होतं. मी स्वतःच स्वतःला खोटा बैल विकला होता.

हाडांच्या डॉक्टरांपुढं तिन्ही कागद ठेवले. हाडं बांधणारा पट्टा ताणलाय पण तुटलेला नाही, हे तिन्हींत सारखं होतं. तेवढ्यावर त्यांनी ऑपरेशन लांबवलं. मग म्हणाले, "तीन महिने मुदत. व्यायाम करा. त्याच मॅडमकडे, त्याच खुणेवर मोजा. वाढला नाही तर ऑपरेशन."

तीन महिने गोठ्यात दावणीला धरून एका पायावर उभा राहिलो. बैलही बघायचे. बाजाराला गेलो तो काठीनं, आणि बाभळीखाली खुर्ची टाकून बसलो, पण जागा सोडली नाही.

मॅडमवरचा राग अजून गेलेला नाही. तो पडदा पहिल्याच दिवशी वळवला असता तर? पण आधी माप माझ्या बाजूनं निघालं, तेव्हा मी त्यांच्यावर ओरडलो नव्हतो, हेही मला ठाऊक आहे.

मुदत संपल्यावर ताडून बघायला मी आधी धडका डावा पाय पुढं केला. "हा मोजा, मग तो." त्यांनी दोन्ही तीन-तीनदा मोजले. उजवा आधीच्यापेक्षा दोन मिलिमीटरनं भरला होता. ऑपरेशन टळलं.

"पाय सैल होता ना, काका?"

"व्हता," मी म्हणालो. मला तरी तसंच वाटलं. पण टेबलावरून उतरायच्या आधी मी स्वतः हात लावून पाहिला.