मैनामावशीचं काहीच निघत नाही

मैनामावशीचं रक्त मी फ्रीजरमध्ये ठेवलं, कुल्फीच्या शेजारी. दवाखान्यात रक्त काढलं तेव्हा लॅबवाला निघून गेला होता, म्हणून नळी माझ्याकडे आली. नर्स म्हणाली, थंड ठेव, सकाळी दे. यवतमाळच्या उन्हाळ्यात वाढलेल्या माणसाला थंड म्हणजे बर्फच. सकाळी नळीत लाल गोळा. मावशीला मुकुटबनहून पुन्हा यावं लागलं, पुन्हा सुई.

"पोट्ट्या, तुह्यापक्षा डास बरा," ती म्हणाली. "विचारत नाही, पण रक्त वाया त घालवत नाही."

मावशीच्या रक्तात प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, दुपटीहून जास्त. बोटं लाल होऊन अशी जळतात की कापूस वेचताना बोंड सुटून जातं. डॉक्टरांनी आधी लोह कमी आहे का ते तपासलं, मग कुठे जंतुसंसर्ग आहे का ते पाहिलं. दोन्हींनी पेशी वाढतात म्हणे. काहीच नाही. मग हाडातला मगजच जास्त पेशी बनवतोय का, हे कळायला जेएके-टू नावाच्या जनुकातली खूण शोधली. रिपोर्ट आला: आढळली नाही.

घरी भगवानराव मावसा खूश. "काहीच निघालं नाही त बिमारी कायची? वेचणी टाळाचे धंदे."

मावशीला आजाराचं नव्हतं तेवढं या बोलण्याचं लागलं होतं. आख्खं आयुष्य वावरात गेलेल्या बाईला कामचुकार म्हटलं होतं.

डॉक्टर म्हणाले, "ती खूण सगळ्यांत नसते. आता सीएएलआर आणि एमपीएल या दुसऱ्या जनुकांत बघू. हाडातला मगजही तपासावा लागेल."

"चोर सापडत नाही, त फिर्यादीचंच हाड फोडता काय?" मावशी म्हणाली. डॉक्टर हसले. ती हसली नाही.

शेवटी सीएएलआरमध्ये खूण निघाली, म्हणजे आजार खरा. औषधाचं तिनं विचारलंच नाही.

"लिहेल हाय ना? मंग त्याइले तू वाचून दाखव. माह्यं ते आयकत नाहीत."

"दाखवतो, शब्द देतो."

लगेच फोन लावला. मावसा कापसाच्या गाडीपाशी होते.

"मावसाजी, मावशीची बिमारी पक्की निघाली."

"निघाली न एकदाची? मंग पाठव तिले. इकडं वेचाले बाया भेटून नाही राह्यल्या."

फोन कट.

"काय म्हणे?" मावशीनं विचारलं.

"फोनवर समजत नाही त्यांना. मी मुकुटबनला येऊन समोर बसवून वाचतो."

त्यानंतर कापूस विकून झाला, तूरही निघाली. बोटं जळत असतानाच मावशीनं ती कापली. रिपोर्ट माझ्याकडेच आहे. मी अजून गेलेलो नाही.