ताटाची डावी बाजू

आमच्या ह्यांच्या अंगावरून वारं गेलं, त्याला आता दोन पावसाळे झाले. डावा हात आणि डावा पाय लुळा पडला. तोंड थोडं वाकडं झालं, पण बोलणं शाबूत राहिलं. शेजारणी म्हणाल्या, "नशीब, वाचा तरी न्हाय गेली." त्या वाचेबद्दल माझं मत वेगळं होतं.

सोलापूरच्या दवाखान्यातून घरी आलो आणि पहिल्याच जेवणाला भांडण झालं. आमच्यात ताट वाढायची रीत ठरलेली आहे. डावीकडे मीठ, चटणी, लोणचं, कांदा. उजवीकडे भाजी. मधे भाकरी. लग्न होऊन आले तेव्हा एकदा चटणी चुकून उजवीकडे वाढली, म्हणून ह्यांनी पाहुण्यांसमोर ताट अंगणात भिरकावलं होतं. सासऱ्यांनी ते मलाच गोळा करायला लावलं. त्यानंतर माझा हात कधी चुकला नाही.

"चटणी कुठंय?" ह्यांनी विचारलं.

"डावीकडं हाय की."

"मला आंधळा समजतीस व्हय? आधी वाढ, मग बोल."

मला वाटलं जुनी खोड आहे, आजारातही गेली नाही. मी चटणी उचलून उजवीकडे ठेवली. तर म्हणाले, "आता आणलीस." भाकरीचंही तेच. उजवी अर्धी खाल्ली की "भाकरी आण" म्हणून ओरडायचे. समोर अर्धी भाकरी तशीच, विळीनं कापल्यासारखी.

लातूरहून लेक आली, तिनं त्यांची दाढी बघितली. उजवा गाल चकचकीत, डाव्यावर पांढरे खुंट.

"दादा, अर्धीच केलीत?"

"पुरी केली की. तुझ्या मायवानी बोलू नको."

लेक घाबरली. मी घाबरले नाही. आठ दिवस मी ज्याच्याशी भांडत होते तो त्यांचा खोडसाळपणा नव्हताच, हे मात्र मला तेव्हा कळलं.

पुन्हा सोलापूरला गेलो. डॉक्टरीणबाईंनी मेंदूचा फोटो उजेडावर लावला. फ्लॉवरचा गड्डा आडवा चिरल्यासारखा दिसत होता. त्या म्हणाल्या, "डोळे चांगले आहेत. मेंदूची उजवी बाजू शरीराची डावी बाजू चालवते. त्यातच मागे, वरच्या अंगाला ही जागा आहे. ती डावीकडे लक्ष ठेवते. तीच बिघडलीय. तिकडे काही असेल असं आता त्यांना वाटतच नाही."

"आणि बोलायची जागा?"

"ती बहुतेकांची डावीकडे असते. तिला धक्का नाही."

"आणि रागाची?"

त्या हसल्या. "राग आत खोलवर उठतो, आजी. कपाळामागची जागा त्याला आवरते. त्यांची ती जागा ठीक आहे."

"पन्नास वर्षांत तिनं एकदा बी काम केलेलं मी बघितलं न्हाय," मी म्हणाले. लेकीनं माझा हात दाबला.

मग डॉक्टरीणबाईंनी नीट सांगितलं. त्यांच्या डावीकडे बसा. तिकडून हाक मारा, मान वळेपर्यंत मारा. डावा हात चोळा आणि त्यांना बघायला लावा. ताट फिरवून देऊ नका, त्यांना शोधू द्या. मेंदू शिकतो, पण पहिले काही महिने महत्त्वाचे. मी मान डोलावली.

भूकंपानंतर सरकारकडून मिळालेलं आमचं घर दोन खोल्यांचं. मी लेकीच्या मदतीनं कॉट फिरवली, म्हणजे स्वयंपाकखोलीचं दार त्यांच्या डावीकडे आलं. लेक गेली. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या डाव्या हाताशी शेंगा फोडत बसले आणि हाक मारायला तोंड उघडलं. आयुष्यभर त्यांनी हाक मारायची आणि मी पळायचं, असं होतं. मी उघडलेलं तोंड मिटलं. शेंगा फोडून संपल्या तरी त्यांनी मला काही म्हटलं नाही. बसणं वाकडं आहे, पदर ढळलाय, शेंगा सांडल्यात, काही नाही. त्या घरात त्यांची नजर पोचत नाही अशी जागा मला पहिल्यांदा मिळाली होती.

मी रोज हाक उद्यावर टाकत गेले.

एकदा धाकटे दीर आले आणि ह्यांच्या उजवीकडे बसले. हे त्यांना म्हणाले, "कुठं उलथलीय कुणास ठाऊक. पन्नास वर्षं सांभाळून घेतली हिला. दुसरा असता तर पहिल्याच वर्षी माहेरी धाडली असती." मी हातभर अंतरावर बसले होते. दिरांनी माझ्याकडे बघून मान खाली घातली. जाताना दाराशी म्हणाले, "वहिनी, तुम्ही बोलला का न्हाईत?"

"कशाला? चांगलं चाललं होतं की त्यांचं."

चार महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "हाक मारता ना?"

"मारते."

"थोडी तरी मान वळायला हवी होती," त्या म्हणाल्या आणि कागदावर काहीतरी लिहीत राहिल्या.

तपासणीला सोबत आलेली लेक येताना गाडीत कानाशी म्हणाली, "माय, खरं सांग. तू हाक मारत न्हाईस ना?"

"मग तू ये की मारायला. महिनाभर ऱ्हा."

ती खिडकीबाहेर बघू लागली. तिला तिचं घर आहे, तिची सासू आहे. तिला दोष देत नाही. मलाही कुणी देऊ नये असं मात्र मी म्हणणार नाही. हाक मारून त्यांचं डावं अंग जागं झालं असतं की नाही, डॉक्टरीणबाईंनाही ठाऊक नाही. मी मारली नाही, एवढं मला ठाऊक आहे. आता मारूनही फारसा उपयोग नाही म्हणतात.

त्यांची सेवा मी चुकवत नाही. अंघोळ, औषध, कपडे, सगळं वेळेवर. फक्त जेवणाची रीत बदलली. पूर्वी त्यांचं झाल्यावर उरलेलं गार मी खायचे. आता त्यांचं ताट वाढलं की माझंही वाढून घेते आणि त्यांच्या डावीकडे बसून तव्यावरची गरम भाकरी खाते. त्यांना ते माहीत नाही. थोड्या वेळानं ते ओरडतात, "चटणी कुठंय? कुठं मेलीस?"

मी हातातला घास सावकाश संपवते. पाणी पिते. मग हात लांब करून त्यांचं ताट फिरवते.

"आता आणलीस," ते म्हणतात.

"व्हय," मी म्हणते.