डोरीनबाईंच्या स्वयंपाकघरातला निरोप

इथे लोक लिहितात ते भुताखेतांचे अनुभव मी बरीच वर्षं वाचतो आहे. वाचून झालं की मनात एकच यायचं, या माणसाची झोप नीट झालेली नसावी. मी इंजिनिअर माणूस. घरात देव आहेत, गणपती बसतो, आरतीला टाळ्याही वाजवतो... पण मेलेली माणसं परत येतात वगैरे मला कधी पटलं नाही. आजही तुम्ही विश्वास ठेवा असा माझा आग्रह नाही. अडचण वेगळीच आहे. घडलेलं सांगायचं तर आधी माझा एक खोटेपणा सांगावा लागतो, आणि तो मी चार वर्षं बायकोलासुद्धा सांगितला नव्हता.

मी सुधीर. वय एकावन्न. मूळचा अकोल्याचा, आता कॅनडात ओकव्हिलला राहतो. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. मला वाढवलं ते ताईने, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठ्या बहिणीने. तिने लग्न केलं नाही. ब्लाउज शिवून, साड्यांना फॉल लावून तिने मला इंजिनिअर केलं. संध्याकाळी तिच्या सुईत दोरा ओवून देणं हे माझं काम असायचं.

ताईला कॅनडा बघायचा होता. नायगारा वगैरे नाही, "तुहं घर पाहाचं हाय" एवढंच. व्हिसासाठी मी इथून निमंत्रणाचं पत्र पाठवायला हवं होतं, फॉर्म ऑनलाइन भरायला हवा होता. पत्र टाइप करून लॅपटॉपवर पडलं होतं. फक्त सही बाकी. मी आज करतो, उद्या करतो म्हणत राहिलो. बेसमेंटचं काम चालू आहे, विंटर आहे, ऑफिसात रिलीज आहे...

खरं कारण सांगतो. मला तिची लाज वाटत होती. पुण्याला असताना एकदा माझ्या साहेबांसमोर तिने मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं, की सुध्या पाचवीपर्यंत गिऱ्हाइकांच्या परकरांच्या उरलेल्या कापडाची हाफपँट घालायचा. सगळे हसले. मीही हसलो. पण ओकव्हिलच्या नव्या घरी, ऑफिसची मंडळी जेवायला आलेली असताना, ताई सोफ्यावर मांडी घालून तोच किस्सा सांगते आहे, हे चित्र काही माझ्या डोळ्यांपुढून जाईना.

शेवटी एका शनिवारी सकाळी फोनवर मी तिला सांगून टाकलं, "ताई, व्हिसा रिजेक्ट झाला."

ती म्हणाली, "काऊन रे? काय म्हणले ते?"

मी कारण तयार ठेवलं नव्हतं. तोंडाला आलं ते बोललो. "त्यांना वाटतं तू इथेच राहशील, परत जाणार नाहीस."

ती हसायलाच लागली. "आता बाप्पा! मी काय करू तिथं राहून? मले विचारलं असतं तं सांगतलं असतं त्याइले, आय विल गो बॅक. दिवाईचे ब्लाउज कोण शिवन?"

हे इंग्लिश वाक्य ती शेजारच्या मुलीकडून शिकली होती, ऑफिसरने विचारलं तर असावं म्हणून. मग तिने मलाच समजावलं, "जाऊ दे. तू मनाले लावून घेऊ नोको."

अंजलीला, म्हणजे माझ्या बायकोला, मी हेच खोटं सांगितलं. फोनवर काय बोलणं झालं ते मात्र सांगितलं नाही. दोन वर्षांनी फेब्रुवारीत ताई झोपेतच गेली.

आता मूळ गोष्ट. गेल्या ऑक्टोबरातला थँक्सगिव्हिंगचा लाँग वीकेंड. आम्ही तिघं, म्हणजे मी, अंजली आणि आमची सतरा वर्षांची ईरा, गाडीने मॉन्ट्रियलला निघालो होतो. शनिवार, रविवार, सोमवार. हॉटेल जुन्या शहरात, ईराने यादी करून ठेवलेली दुकानं, सगळं ठरलेलं. निघताना अंजलीने पर्समध्ये सुपारी टाकली. तिघांनी मिळून प्रवासाला निघू नये, निघायचंच तर चौथी म्हणून सुपारी बरोबर घ्यावी, हे तिला लग्नानंतर ताईनेच शिकवलेलं.

"सुपारीला सीट बेल्ट लावलास का?" मी म्हटलं.

"आधी गाडीचं बघ. तो बॅटरीचा दिवा मंगळवारपासून मधूनमधून लागतोय."

"विंटर टायर्स घालताना एकदमच दाखवू."

गॅनानोक्वे मागे पडलं, ब्रॉकव्हिल यायचं होतं, तेव्हा तो दिवा लागला तो विझेना. स्टिअरिंग जड झालं. कशीबशी गाडी हायवेच्या कडेला घेतली. दुपारचा एक वाजला होता, लख्ख ऊन. टो ट्रकवाल्याने आम्हाला जवळच्या एका छोट्या गावातल्या गॅरेजमध्ये आणून सोडलं. मेकॅनिक म्हणाला, अल्टरनेटर गेलाय, पार्ट मंगळवारी येईल, त्याआधी नाही. भाड्याची गाडी लाँग वीकेंडला कुठेच मिळेना. ईरा फोनमध्ये तोंड घालून म्हणाली, "ग्रेट, बाबा. मॉन्ट्रियल लुक्स अमेझिंग."

मेकॅनिकनेच जवळच्या एका घराचा पत्ता दिला. डोरीन नावाच्या बाई, वय ऐंशीच्या आसपास, एकट्या राहायच्या. वरच्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायच्या. आम्ही एक घेतली, दुसरी रिकामीच होती. बॅगा टाकल्या, मी जॅकेट खालच्या खुंटीला अडकवलं, कारण बाहेर छान ऊब होती, आणि चारच्या सुमाराला तिघंही नदीवर फिरायला गेलो. मेपलची झाडं लालभडक, समोर सेंट लॉरेन्सचं संथ पाणी. अंजली म्हणालीसुद्धा, "मॉन्ट्रियलमध्ये एवढं निवांत बसलो नसतो." साडेपाचला परत आलो. त्या दिवशी एवढंच.

रविवारी सकाळी नाश्त्याला खाली आलो, तर टेबलावर चार प्लेट्स. डोरीनबाईंनी पॅनकेक्स आणून ठेवले आणि जिन्याकडे बघत विचारलं, "त्या दुसऱ्या बाई अजून उठल्या नाहीत का?"

"कोण दुसऱ्या?" अंजली म्हणाली.

"तुमच्याबरोबरच्या. काल तुम्ही नदीवर गेलात तेव्हा माझ्याजवळ बसल्या होत्या त्या."

ईराला हसू फुटलं. "मॉम! द सुपारी गेट्स पॅनकेक्स टू!"

आम्ही दोघंही हसलो. डोरीनबाईंना काही कळलं नाही. त्या सरळपणे सांगत राहिल्या. तुम्ही गेलात आणि त्या मागच्या दाराने आल्या. बुटक्या, केस पांढरे, साडीवर तपकिरी स्वेटर. पायात पांढरे कोरे स्नीकर्स, ते त्यांनी दाराबाहेर काढून ठेवले. मी म्हटलं राहू द्या, तर ऐकेनात. चहा दिला, त्यात तीन चमचे साखर घातली. माझ्या एप्रनचा खिसा उसवला होता, तो त्यांनी बोटाने दाखवला आणि सुईदोरा मागितला.

"कुठल्या भाषेत?" मी विचारलं.

"त्या त्यांच्या, मी माझ्या. काही अडलं नाही." बाई हसल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हो, तुमच्यासाठी निरोप आहे. तुमच्या जॅकेटकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, टेल हिम, आय विल गो बॅक. दोनदा म्हणाल्या. मग म्हणाल्या, ब्लाउज, मेनी ब्लाउज, आणि हाताने असं केलं..."

डोरीनबाईंनी उजव्या हाताने हवेत एक चाक फिरवून दाखवलं. हातमशीनचं.

"मी त्यांना म्हटलं, डिअर, तुम्हाला इथून कोणी हाकलत नाहीये."

मी एप्रन बघायला मागितला. खिशाची शिवण बारीक होती, टाके उलट्या बाजूला कललेले. डाव्या हाताचे. ताई मशीनचं चाक उजव्या हाताने फिरवायची, सुई मात्र डाव्या हाताने चालवायची. अर्थात, डावखुरी माणसं जगात लाखो आहेत.

"बाबा, व्हॉट्स राँग? ब्रॅम्पटनमधल्या निम्म्या इंडियन आज्या साडीवर स्नीकर्स घालतात," ईरा म्हणाली. "लाँग वीकेंड आहे. सम टूरिस्ट. चुकून या घरात आली असेल."

तिचं बरोबर होतं. मलाही तेच म्हणायचं होतं. पण अंजली माझ्याकडे बघत होती. ब्लाउज आणि चाक, एवढं तिला पुरलं होतं. ती हळू आवाजात म्हणाली, "समजा ताई... समजा हं. पण त्या 'मी परत जाईन' असं कशाला सांगतील? आणि तुला?"

त्या क्षणी मला खांदे उडवून 'काय माहीत' म्हणता आलं असतं. चार वर्षं तेच केलं होतं, आणि पुढेही जमलं असतं. पण ताई ते वाक्य फोनवर मला म्हणाली होती, हे जगात फक्त दोन माणसांना ठाऊक होतं, आणि त्यातलं एक गेलं होतं. डोरीनबाई किटली भरायला आत गेल्या आणि मी सगळं सांगून टाकलं. पत्र, फॉर्म, परकराची हाफपँट, रिजेक्ट झाल्याची थाप. मान वर करून बघायची हिंमत नव्हती.

पहिल्यांदा ईरा बोलली. "म्हणजे दे नेव्हर सेड नो. दे नेव्हर इव्हन न्यू आत्या एक्झिस्टेड."

मग अंजली म्हणाली, "मी त्यांना फोन केला होता सुधीर, समजूत घालायला. म्हटलं होतं, ताई, सरकारपुढे आपलं काही चालत नाही. त्या मलाच म्हणाल्या, सुध्याला सांभाळ, त्याला फार लागलंय."

तिने तिची प्लेट उचलली आणि बाहेर पायरीवर जाऊन बसली. मंगळवारी गाडी मिळेपर्यंत ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. मॉन्ट्रियलचं नाव कोणीच काढलं नाही.

त्या दोन दिवसांत मी शोधायचं तेवढं शोधलं. शेजारच्या घरात विचारलं, कोपऱ्यावरच्या दुकानात विचारलं. साडीतली बाई कोणीही पाहिली नव्हती. सोमवारी डोरीनबाईंचा मुलगा जेवायला आला. त्याला बाजूला घेऊन विचारलं, तर तो म्हणाला, आई हल्ली कधीकधी वारांचा गोंधळ करते. मला हायसं वाटलं. मग मी खिशाची शिवण दाखवली. तो एप्रन उलटसुलट करून बघत राहिला. संधिवातामुळे आईला सुई धरता येत नाही, म्हणाला. गेली पाच-सहा वर्षं तिचं बटणसुद्धा त्याची बायको लावून देते.

घरी आल्यावर अंजली एकच वाक्य बोलली. "मंदाताईंना खरं सांग."

मंदाताई म्हणजे ताईची अकोल्यातली शेजारीण आणि जन्माची मैत्रीण. व्हिसा नाकारल्याचं ताईने सगळ्या गल्लीत सांगितलं होतं, आणि लोक काय काय बोलले होते ते मी ताईच्या दिवसांना गेलो तेव्हा कानावर आलं होतं. सरकारनं उगाच नाही म्हटलं का, काहीतरी खोट असल्याशिवाय?

मी फोन लावला. आडवळण न घेता म्हटलं, "मंदाताई, ताईचा व्हिसा कोणी नाकारला नव्हता. मी फॉर्मच भरला नव्हता. मी तिच्याशी खोटं बोललो."

"माहीत हाय," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला?"

"तिलेबी माहीत होतं. माह्या पुतण्यानं सांगतलं नं तिले. कॅनडाचा व्हिसा असा होत नसते म्हणे, पहिले जाऊन बोटाचे ठसे द्या लागते. हिनं तं कधी ठसे देल्लेच नाही. चार दिवस बोलली नाही कोणाशी. मंग सुरू केलं साऱ्या गल्लीले सांगणं, सरकारनं नाही म्हणलं, सरकारनं नाही म्हणलं. म्या म्हणलं, काऊन वं, सोताले बट्टा लावून घेतं? तं म्हणे, मंदे, चूप राह्य. त्याले भेव वाटलं असन, आली तं जाईनच नाही म्हणून. त्याले एकडाव सांगाले पाहिजे होतं, मी वापस जाईन."

मग मंदाताईंनीच विचारलं, "जेवला का रे?" तिकडे संध्याकाळ झाली होती, इकडे सकाळ. मी हो म्हटलं.

डोरीनबाईंच्या स्वयंपाकघरात कोण बसलं होतं, मला माहीत नाही. वाट चुकलेली एखादी टूरिस्ट म्हणावी, तर तिला ते वाक्य कोणी सांगितलं? म्हाताऱ्या बाईंच्या मनाचा खेळ म्हणावा, तर टाके कोणी घातले? अंजलीने तिचं काहीतरी उत्तर मनाशी ठरवलंय, ईराने तिचं.

इतकी वर्षं मला वाटत होतं की तिचं ते वाक्य कुठल्यातरी ऑफिसरसाठी होतं. ऑफिसर नव्हताच, आणि पुढे तिलाही ते कळलं होतं. तिचा व्हिसा माझ्या हातात होता.

'जाऊ नकोस ताई, राहा ना इथेच' असं मी तिला एकदाही म्हटलं नाही. चार वर्षांपूर्वी म्हटलं असतं, तर तेही खोटंच ठरलं असतं, हेही आज कबूल करायला हवं. आता ते खरं आहे. ऐकायला कोणी आहे की नाही, ते मात्र मी सांगू शकत नाही.