सुखदेवचे पंचवीस किलो

पांढुर्ण्याच्या एका जिनिंगमध्ये, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, सुखदेव आणि मी बावीस वर्षं होतो. मी वजनकाट्यावर, तो फाटकावर. एवढ्या वर्षांत मला त्याच्याबद्दल काय कळलं, असं विचारलं तर लिहायला बसलोच कशाला असं वाटतं. त्याला गाणी आवडत की नाही, तो कशाने रागवायचा, मला ठाऊक नाही. त्याचं वजन मात्र ठाऊक होतं.

फाटकावर तो कापसाच्या गाड्यांचे नंबर लिहायचा. त्याच्यासाठी लोखंडी खुर्ची मुद्दाम बनवून घेतली होती. गाडीवाले म्हणत, "सुखदेवभाऊ, जरा सरका, गाडी जाऊ द्या." तो म्हणायचा, "तुमची गाडी बारीक करा न जी." आणि हसायचा. ते हसणं खरं होतं का, मी कधी विचारलं नाही.

मागच्या दिवाळीनंतर त्याची कंबर दुखायला लागली, लघवीतून रक्त गेलं. डॉक्टरांनी पोटाचा सीटी स्कॅन सांगितला. त्याच्या बायकोने, शकुंतलाने, नागपूरच्या एका सेंटरला फोन केला. त्यांनी आधी वजन विचारलं. दीडशे किलोच्या वरचा पेशंट आमच्या मशीनवर घेत नाही, म्हणाले. घरचा काटा तेवढं दाखवत नव्हता, म्हणून सुखदेव माझ्याकडे आला. सगळे गेल्यावर तो गठाणींच्या काट्यावर चढला. एकशे सत्तर.

कापूस ओला असला की आमच्याकडे वजनातून काही किलो कमी धरतात, त्याला कटती म्हणतात. ती लावण्यातच माझी सगळी नोकरी सरली. सुखदेव खाली उतरला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाला,

"रघुनाथभाऊ, कटती लावून सांगा न."

"किती?"

"त्यायच्या मशीनवर घेतीन इतकी."

मी चिठ्ठीवर १४५ लिहिलं. वाटलं, माणसाची लाज राखतोय.

सेंटरवरच्या माणसाने त्याच्याकडे पाहिलं, चिठ्ठीकडे पाहिलं आणि चिठ्ठी खरी मानली. मशीनच्या कड्याला त्याच्या दोन्ही कुशी घासत होत्या. फोटो दाणेदार आला, पोटाच्या कडा त्यात आल्याच नाहीत. 'मोठ्या मशीनवर पुन्हा करावा' असं रिपोर्टच्या तळाशी इंग्रजीत लिहिलं होतं. इथल्या डॉक्टरांनी वरची ओळ वाचली: गाठ दिसत नाही. वजन कमी करा, सगळं त्यानेच होतंय, असं सांगून त्याला घरी पाठवलं.

तो एक वेळ जेवू लागला. वजन भराभर उतरलं. फाटकावर सगळ्यांनी शाबासकी दिली. मीही दिली.

मार्चमध्ये त्याला नागपूरच्या दुसऱ्या दवाखान्यात न्यावं लागलं. तिथलं मशीन रुंद होतं. स्कॅन करणाऱ्या प्रणाली नावाच्या मुलीने त्याला आधी वजनावर उभं केलं, नीट मधोमध झोपवलं, त्याच्या शरीराला पुरतील इतके किरण वाढवले आणि घाई केली नाही. गाठ लख्ख दिसली. मूत्रपिंडातली, फुप्फुसापर्यंत गेलेली. ती शकुंतलाला म्हणाली, खरं वजन कळलं असतं तर त्या सेंटरने पहिल्यांदाच इकडे पाठवलं असतं. हे मशीन तेव्हाही इथंच होतं.

हे मला शकुंतलानेच सांगितलं. तिला अजून वाटतं, आमच्या काट्यानेच एकशे पंचेचाळीस दाखवलं. काटा जुना झाला असेल, म्हणाली.

मे महिन्यात, तो जायच्या नऊ दिवस आधी, मी तिला खरं सांगायचं ठरवून त्यांच्या घरी गेलो. सुखदेव खाटेवर होता, आता कुणाच्याही खुर्चीत मावेल एवढा. शकुंतला औषध देत होती. "बाई, त्या वजनाचं…" एवढं मी म्हणालो. तिच्या पाठीमागून सुखदेवने मान हलवली. नको. मला वाचवायला की स्वतःची लाज झाकायला, ते मला कळलं नाही. मी गप्प बसलो. मला ते सोपं गेलं. ती भांडं घेऊन आत गेली तेव्हा मी उठलो.

"येतो मग."

सुखदेव म्हणाला, "दार ओढून घ्या जी. कुत्रं आत येऊन राहते."

"ओढतो."